पायाळूची टाच

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी बाबांनी डावा पाय स्टुलावर ठेवला, दाढीचं पातं हातात धरलं आणि ते वाकले, ते वाकलेलेच राहिले.

आधी आमच्या लक्षातच आलं नाही. बाबांच्या तळव्याला कुरूप होतं आणि दर रविवारी ते असेच वाकून ते तासत बसायचे. आईने चहा आणून ठेवला. तो निवला. तिने नेऊन परत गरम करून आणला, तोही निवला. शेवटी बाबांनी वर्गात सूचना वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं की कंबरेत उसण भरली आहे, कुणी हलवू नये, आणि हातातलं पातं तेवढं काढून घ्यावं.

मी पातं काढून घेतलं. धावत गेलो नाही, कारण त्या दिवसांत सकाळी मला धावता येत नव्हतं. माझी उजवी टाच कामातून गेली होती. खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खालून कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. थोडं चाललं की खिळा जरा मागे सरायचा आणि जरा वेळ बसून उठलं की परत हजर. म्हणून मी पलंग धरून, मग कपाट धरून, मग आईला धरून बाबांपर्यंत पोहोचलो.

आई म्हणाली, "एकाला वर होता येत नाही, एकाला खाली टेकवत नाही. मी एकटी मधल्यामध्ये."

दुसऱ्या कुठल्याही घरात ही अडचण नव्हती. आमच्याकडे, साताऱ्याच्या त्या बाजूला, उसण भरली की माणसं पायाळूकडे जातात. पायाळू म्हणजे जो जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढतो. त्याने पाठीत एक लाथ घातली की उसण जाते. गावाला हे पाठ होतं. पायाळू कुठे राहतो तेही पाठ होतं. तो आमच्या घरात राहायचा. तो मी होतो.

आणि बाबा म्हणजे लोहोकरे सर, हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. लाथेने काहीही बरं होत नाही हे ते आयुष्यभर सांगत आले होते. ते सकाळी पुढच्या दाराने शाळेत जायचे आणि मागच्या दाराने माझे पेशंट आत यायचे. उसण भरलेली माणसं वाकलेली असल्यामुळे खिडकीतून दिसत नसत, ही एक सोय होती. आमच्यात या विषयावर कधी भांडण झालं नाही. बाबा फक्त एवढंच म्हणायचे की, निरू, निदान मोजमाप तरी ठेव. मी ठेवलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात इतका रमलो होतो की विद्यापीठाला मला तिथून हलवणं जमत नव्हतं. बाकीच्या पोरांना लोक विचारायचे, सध्या काय करतोस. मला कुणी विचारलं नाही. मी पायाळू होतो, तेवढं पुरत होतं. लग्नाच्या वऱ्हाडात मला मानाने बसमध्ये पुढची जागा मिळायची, कारण सामान उचलताना कुणाची तरी कंबर धरतेच. वीज कडाडली की गल्लीतल्या बायका आधी मला घरात ढकलायच्या आणि मग वाळत घातलेले कपडे काढायच्या, कारण वीज पायाळूवर पडते म्हणतात. पायाळूला जमिनीत पुरलेलं धन दिसतं असंही म्हणतात. मला प्रश्नपत्रिकेतलं उत्तर दिसत नव्हतं, पण धनाचं कुणी बोललं की मी गूढ हसायचो. एकूण माझ्या सगळ्या अवयवांत गावाचा विश्वास असलेला अवयव एकच, तो म्हणजे उजवा पाय.

त्या साली उसाचा हंगाम लांबला. मोळ्या उचलून उचलून लोकांच्या कंबरा धरल्या आणि मी फरशीवर अनवाणी उभा राहून लाथा घालत सुटलो. हंगाम संपला तेव्हा टाच संपली होती.

गावाने ही गोष्ट मनाला लावून घेतली. पाण्याची टाकी फुटली असती तरी इतकी माणसं जमली नसती. शेजारच्या कासारकाकूंनी वीट चुलीत तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवलं आणि मला टाच दाबून उभं केलं. बरं वाटलं आणि भाजलंही. एकाने बिब्बा सुचवला. एकाने एरंडेल सुचवलं आणि पोटातून की पायावरून ते सांगायचं विसरून निघून गेला.

शेवटी बाबाच मला डॉक्टर नाडगौडाबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी विचारलं, काम काय करता. मी म्हणालो, लाथा मारतो. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंतीवरच्या सांगाड्याकडे पाहिलं. मग बाईंनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो.

दुखणं काय ते बाईंनी नीट सांगितलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. तो टाचेला जिथे चिकटतो तिथे ताणला जातो, सुजतो. रात्रभर आखडून बसतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड जरासं वाढलेलं दिसत होतं, पण बाई म्हणाल्या, त्याला दोष देऊ नका, असं वाढलेलं हाड घेऊन कितीतरी माणसं जन्मभर आरामात चालतात. ऑपरेशनची गरज सहसा पडत नाही. काही महिने लागतात, पण बहुतेकांचं बरं होतं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. मऊ तळाची चप्पल. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. बाटलीत पाण्याचा बर्फ करून ती तळव्याखाली फिरवायची. टाचेला सिलिकॉनची टोपी घालायची. बिब्बा, तापलेली वीट असलं काही नको. आणि लाथा सहा आठवडे बंद.

बाबांनी हाताची घडी घालून सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "भिंतीपासून पाय किती अंतरावर?"

टोपीवरून गावात दोन तट पडले. उसण भरलेला एक माणूस म्हणाला की बंद कशाला, टोपी घालून मार हळूच. त्यावर वायरमन गुलाब मुलाणी म्हणाला की मधे रबर आलं, रबरातून करंट जात नाही, मग गुण कसा जाईल. हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून माणसं यायची, टोपीकडे बघायची, हळहळायची आणि वाकलेलीच परत जायची.

अशा काळात बाबांना उसण भरली, आणि तीही त्या दिवशी.

गावात दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला व्हायची. बाबा वर्षानुवर्षं श्रोत्यांत तिसऱ्या रांगेत बसायचे आणि कुणीतरी आपल्याला बोलवेल अशी वाट पाहायचे. ते तसं म्हणायचे नाहीत, पण व्याख्यानमाला जवळ आली की कोटाला इस्त्री करून आणायचे आणि ती संपली की कोट परत ट्रंकेत ठेवायचे. त्या वर्षी पुण्याचे एक वक्ते ऐन वेळी आजारी पडले आणि अध्यक्ष परांडेकरांनी बाबांना निरोप धाडला. विषय, अंधश्रद्धा आणि आपण. वेळ संध्याकाळी पाच. जुने बूट नीट बसावेत म्हणून तर कुरूप तासणं चाललं होतं.

वास लागल्यासारख्या कासारकाकू आल्या. बाबांच्या भोवती एक फेरी मारली. म्हणाल्या, "घरात विहीर आणि सर तहानेले."

बाबा फरशीकडे बघत म्हणाले, "कासारबाई, आज संध्याकाळी मी याच विषयावर बोलणार आहे."

"मग उभं राहून तरी बोला. एक लाथ घ्या सर. पोटच्या पोराची आहे, परक्याची का आहे?"

वाकलेल्या माणसाला मान फिरवून घेता येत नाही, म्हणून बाबा तसेच पावलं टाकत टाकत स्वतःच स्वयंपाकघरात निघून गेले. मी मागच्या पडवीत बर्फाची बाटली पायाखाली घेऊन बसलो. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पत्रा होता.

आई समजावत होती की कुणाला कळणार नाही, मी दार लावून घेते, टोपी काढून हळूच मारायला सांगते, बापाला लागेल असं तो मारणार नाही. बाबा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अगं, पण तो पायाळू नाहीच. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. दवाखान्याच्या दाराला फट होती. डोकं आधी आलं. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. आज मोठ्याने बोलणार आहे. भाषणाच्या शेवटी. यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणू? पायाळू नसलेल्या पोराच्या लाथेने जर गाव बरं होत असेल, तर लाथेत काय आहे ते सांगायलाच नको."

माझ्या पायाखालची बाटली घरंगळत अंगणात गेली.

थोड्या वेळाने आई बाहेर आली, तिने बाटली उचलली, पदराने पुसली आणि माझ्या पायाखाली परत ठेवली. मग तिने आपणहून सांगितलं. माझ्या बारशाला कासारकाकू पाळणा सरकवायला वाकल्या आणि त्यांची कंबर धरली. आईने मला त्यांच्या पाठीमागच्या गादीवर ठेवलं होतं. मी पाय झाडला, तो त्यांना लागला आणि काकू ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी बायकांना गोळा करून सांगितलं की गुण आला, म्हणजे पोर पायाळू असणारच. आई म्हणाली, अहो नाही, डोक्याकडून झालाय. तर काकू म्हणाल्या, तुला काय कळतंय, तू शुद्धीत तरी होतीस का. संध्याकाळपर्यंत नारळ घेऊन माणसं आली.

"आणि बाबा?"

"ते तेव्हाच सांगायला निघाले होते. मग म्हणाले, पोर मोठं झालं की सांगू. मग तुझं आठवीचं गणित राहिलं. मग ते म्हणाले, दहावीनंतर बघू. मग कॉलेज." आईने सरकलेली बाटली नीट केली. "दर वेळी तुझं काही ना काही राहिलंच की रे."

मी सगळा हिशेब मनात मांडला. संध्याकाळी सहापर्यंत माझ्याकडे एक दुखरी टाच आणि बीएस्सीचं दुसरं वर्ष एवढंच उरणार होतं. वऱ्हाडात मला मागच्या सीटवर बसवणार होते. वीज कडाडली की बायका आधी कपडे काढणार होत्या.

पाचच्या आत बाबांना रिक्षाने मंगल कार्यालयात नेलं, व्याख्यानं तिथे व्हायची. रिक्षात काही अडचण आली नाही. बसलेला माणूस आणि उसण भरलेला माणूस यांच्यात फरक फक्त खाली सीट असण्याचा. अडचण स्टेजवर आली. बाबा कोट घालून, काटकोनात, सावकाश चालत ध्वनिक्षेपकाकडे निघाले आणि श्रोत्यांना वाटलं की सर नमस्कार करताहेत. पहिली रांग उठली, तिने वाकून नमस्कार केला. मग दुसरी उठली. बाबा सरळ होईनात तेव्हा आधी आपण कसं सरळ व्हायचं हे कुणालाच कळेना. शेवटी परांडेकर खुर्चीत बसले आणि मग कार्यालय बसलं. गुलाब मुलाणीने माईक वाकवून बाबांच्या तोंडाशी आणला. तो म्हणाला की असा माईक त्याने आजवर फक्त तबल्याला लावला होता.

भाषण चांगलं होतं. हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, मी तर ते पडावं म्हणून बसलो होतो. बाबा म्हणाले, उसण म्हणजे आखडलेला स्नायू. तो काही तासांनी, काही दिवसांनी आपोआप सुटतो. लाथ मारली तरी सुटतो, नाही मारली तरी सुटतो. "ज्याची जाते तो नारळ घेऊन येतो. ज्याची जात नाही तो डॉक्टरकडे जातो. तो तुम्हाला येऊन सांगत नाही, म्हणून तो तुम्हाला माहीत नाही." लोक माना डोलवत होते. ज्यांना मी लाथा घातल्या होत्या तेही डोलवत होते.

मग ते म्हणाले, "आता शेवटचा मुद्दा. माझ्याकडे एक पुरावा आहे. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही."

मी पहिल्या रांगेच्या कडेला बसलो होतो. बाबांनी मला शोधलं. पण वाकलेल्या माणसाला समोरच्यांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. त्यांची नजर पायांच्या रांगेवरून सरकत आली आणि माझ्या पायांपाशी थांबली.

ते माईकमधून म्हणाले, "निरू, चपला कुठे आहेत?"

मी म्हणालो, बाहेर. कार्यालयात सगळ्यांच्याच चपला बाहेर होत्या, तसा नियमच होता.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

मी म्हणालो की टाचेला टोपी आहे. बाबा म्हणाले की टोपी वेगळी आणि चप्पल वेगळी. मग त्यांना वाटलं असावं की श्रोत्यांना संदर्भ लागणार नाही, म्हणून त्यांनी तो दिला. पट्टा, धनुष्याची दोरी, सकाळचं पहिलं पाऊल. ते बाईंपेक्षाही नीट सांगत होते. बर्फाची बाटली किती वेळ, चप्पल कशी वाकवून बघायची, सगळं. त्यांनी कुठून वाचलं होतं कोण जाणे. मी तर बाईंनी सांगितलेलंही अर्धं विसरलो होतो.

दुसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, सर, माझं अगदी असंच होतं. त्याच्या मागे आणखी एक उठला. बाबांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, तुमचं असं नाही, तुमच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत, शेतातून आलात की पाय कोरडे करत जा आणि मलम घ्या. तो माणूस चकित होऊन खाली बसला. मग परांडेकरांनी अध्यक्षांच्या खुर्चीतून हळूच पाय पुढे केला. भेगा. बाबा म्हणाले, कोमट पाण्यात पाय भिजवा, पुसा, झोपताना साधं व्हॅसलीन लावून मोजे घाला, दगडाने रक्त येईपर्यंत घासू नका. साखर कुणाला आहे, असं त्यांनी विचारलं. बरेच हात वर झाले, ते त्यांना दिसले नाहीत, पण ते म्हणाले की ज्यांना आहे त्यांनी पाय रोज बघायचे आणि घरी काहीही कापायचं नाही, सरळ डॉक्टर.

"आणि कुरूप, सर?"

"पात्याने तासू नये," बाबा म्हणाले. "ते मी आज सकाळीच सिद्ध केलं आहे."

अंधश्रद्धा कुठेतरी मागे राहिली होती. मला आशा वाटू लागली. माणसं अशी पायात गुंतून राहिली तर सहा वाजतील, आभाराचं भाषण होईल आणि पुरावा राहून जाईल. म्हणून बाबांनी मला पोटरी ताणून दाखवायला स्टेजवर बोलावलं तेव्हा मी उत्साहाने गेलो.

स्टेजच्या मागच्या भिंतीला मी दोन्ही हात टेकले. डावा पाय पुढे, उजवा मागे, टाच जमिनीला. बाबांनी वाकूनच माझा पाय अर्धी वीत मागे घेतला. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि श्रोत्यांना म्हणाले, "बघा. गुडघा सरळ. टाच उचलायची नाही. काहीही झालं तरी टाच उच—"

माझ्या पोटरीत गोळा आला.

ज्याला कधी गोळा आला आहे त्याला सांगायला नको. पाय आपला राहत नाही. तो मागे उडाला. आधी टोपी गेली, मग टाच. ती बाबांच्या कंबरेत बरोबर तिथे बसली जिथे मी गावातल्या इतक्या लोकांना नेम धरून मारायचो. कट् असा आवाज झाला. माईक कंबरेच्याच उंचीवर असल्यामुळे तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला.

बाबा दोन पावलं पुढे गेले आणि ताठ उभे राहिले.

त्या दिवशी त्यांनी आपले श्रोते तेव्हा पहिल्यांदा पाहिले. श्रोत्यांनीही त्यांना पाहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. मी पोटरी धरून स्टेजवर आडवा पडलो होतो आणि मला एवढंच कळत होतं की आता काही वाचत नाही. अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या माणसाला पायाळूने भर व्याख्यानात लाथ घातली होती आणि गुण आला होता. बाबांच्या जन्मभराच्या शिकवण्यावर माझी टाच पडली होती. आणि ती उचलायला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं. आई बायकांच्या बाजूला डोळे मिटून बसली होती.

कासारकाकू उभ्या राहिल्या. त्यांनी मुद्दाम आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "सर, आता काय म्हणता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माईक नीट आपल्या उंचीला केला.

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही," ते म्हणाले. "प्रयोग पुन्हा पुन्हा करून बघावा लागतो. पण सध्या तो करता येणार नाही. सहा आठवडे तरी नाही. त्याची टाच दुखते."

एवढं बोलून ते वाकले, स्टेजच्या कडेला पडलेली टोपी उचलली, फुंकर मारून धूळ झाडली आणि माझ्यासमोर उकिडवे बसून माझ्या टाचेवर चढवली. "अनवाणी उभा राहू नकोस," म्हणाले, आणि उठले. आपण वाकलो होतो आणि उठलो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कार्यालयाच्या आलं होतं. आता मात्र टाळ्या पडल्या, आणि बाबांना वाटलं त्या प्रयोगाच्या मुद्द्याला आहेत.

पुरावा त्यांनी सांगितला नाही. कुणी विचारलाही नाही, कारण तोवर परांडेकरांनी खुर्ची सोडून भिंतीला हात टेकले होते. त्यांच्या शेजारी म्हातारा टेकला, मग कासारकाकू, मग रांगाच्या रांगा. भिंती पुरेनात तेव्हा माणसं खांबांना लागली, खांब संपले तेव्हा एकमेकांना. बाबा मधून फिरत होते, गुडघे सरळ करत होते, टाचा खाली दाबत होते. बाहेरून आलेल्या एकाने विचारलं की कार्यालय पडतंय का. गुलाब म्हणाला, नाही, व्याख्यान चाललंय. पुढे तो बरेच दिवस लोकांना सांगत होता की टोपी लाथेच्या आधी उडाली होती, हे त्याने स्वतः पाहिलं, तेव्हा करंटचा मुद्दा कायम आहे.

टाच पावसाळ्याच्या शेवटी बरी झाली. मी लाथा परत सुरू केल्या नाहीत. कुणी आलं की त्याला चटईवर बसवायचो, त्याच्या पायांकडे बघायचो आणि चप्पल कुठली घालता म्हणून विचारायचो. त्यातूनच पुढे बाजारपेठेत दुकान झालं. आज मी मऊ तळाच्या चपला विकतो. गावात अजून मला पायाळूच म्हणतात आणि पायाळूच्या हातची चप्पल लाभते असा समज आहे. तो मी पसरवलेला नाही. मोडलेलाही नाही.

बाबा आता बरेच थकलेत. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकाची चप्पल मधोमध वाकवून बघतात. परवा कुणी नव्हतं तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं की त्या दिवशी स्टेजवर तुम्ही सांगितलं का नाही.

"काय सांगायचं?"

"मी पायाळू नाही ते."

त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली, जोडीची शोधली, दोन्ही टाचांना टाचा लावून मांडल्या.

"पुरावा काय?" ते म्हणाले. "तुझी आई शुद्धीत नव्हती. मी तर बाहेर होतो."

"दाराला फट होती म्हणाला होतात."

"दार बंद होतं," बाबा म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."